थंडीत इंधनघट का अडतो?

पौषातल्या पहाटे पाचाडला शेकोटीशिवाय बसवत नाही, तरी पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. लडाखमधील लेह येथे तो हिवाळ्यात शून्याखाली १५ अंशांपर्यंत सहज उतरतो. त्याच लेहमध्ये एनटीपीसीने २०२४ साली हायड्रोजन इंधनघटावर चालणाऱ्या पाच बस आणल्या. पाचाडच्या थंडीत बिनघोर निघणारी अशी गाडी लेहला अडण्याचा धोका का असतो, ते आपण पाहू.

इंधनघटात हायड्रोजन जळत नाही. प्लॅटिनम ह्या उत्प्रेरकामुळे त्याच्यातील इलेक्ट्रॉन सुटे होतात व तारेतून मोटरकडे जातात. उरलेले प्रोटॉन एका पातळ ओलसर पटलातून पलीकडे पोहोचतात. तेथे हवेतील ऑक्सिजन, प्रोटॉन व मोटर फिरवून आलेले इलेक्ट्रॉन एकत्र येऊन पाणी बनते. ४ ग्रॅम हायड्रोजनपासून ३६ ग्रॅम, म्हणजे नऊपट! मोटारीला १०० किलोमीटरला १ किलो हायड्रोजन लागतो असे धरू. मग पाचाड ते महाड ह्या सुमारे २५ किलोमीटरांत पाव किलो हायड्रोजनपासून सव्वादोन लिटर पाणी तयार होईल.

अडचण ह्या पाण्याचीच आहे. पटल कोरडे पडले तर प्रोटॉन जात नाहीत, म्हणून ओल हवीच. पण जास्तीचे पाणी गोठले की बर्फाने सूक्ष्म छिद्रे बुजतात, ऑक्सिजनची वाट बंद होते आणि वीज थांबते. शिवाय गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावते; वारंवार असे झाल्यास आतील थर खराब होतात. चालत्या गाडीत ही भीती नसते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व केपीआयटी यांनी २०२० साली पुण्यात चाचणी घेतलेल्या मोटारीतील घट ६५ ते ७५ अंश सेल्सिअसला काम करतो. धोका असतो तो रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताना.

ह्यावर दोन उपाय आहेत. गाडी बंद करताना घटातून हवा फुंकून जास्तीचे पाणी बाहेर काढतात. सुरू करताना घट मुद्दाम कमी व्होल्टतेवर चालवतात. त्यामुळे वीज कमी मिळते, पण उष्णता वाढून घट लवकर तापतो. २०१४ साली आलेली टोयोटाची मिराई अशाच युक्त्यांनी शून्याखाली ३० अंशांतही सुरू होते.

वर्गासाठी सोपा प्रयोग : स्पंजचे दोन तुकडे भिजवा, एक घट्ट पिळा आणि दोन्ही बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवा. सकाळी सायकलच्या पंपाने दोहोंतून हवा सोडून पाहा. कोणत्या तुकड्यातून हवा जाते व का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे.