शंकरपटाच्या नोंदी

अकोल्याच्या जठारपेठेतील एखाद्या अभ्यासकाने वऱ्हाडातील शंकरपटाचे विक्रम संकलित करावयास घेतले, तर खरी अडचण आकडे मिळविण्याची नसून ते ताडून पाहण्याची होय. तळेगाव दशासरच्या पटात जोडीने घेतलेले सेकंद दुसऱ्या गावच्या सेकंदांशी जुळवून चालत नाही. पटाची लांबी, जमीन आणि वेळ मोजण्याचे साधन ठिकाणोठिकाणी निराळे. पाश्चात्त्य स्पीडवे मोटारसायकल-शर्यतीत फेऱ्या चारच. तरी धावपट्ट्यांची लांबी भिन्न असल्यामुळे वेळेचा विक्रम त्या त्या धावपट्टीपुरताच मानतात, आणि स्वाराची योग्यता 3, 2, 1, 0 या गुणांच्या बेरजेवरून ठरवितात. शंकरपटास असा आधार नाही.

शिवाय विक्रम कोणाचा? मालकाचा, धुरकऱ्याचा की जोडीचा? एक बैल विकला गेला की मालकाचे नाव तेच राहून जोडी पालटते. म्हणून गाव, अंतर, तारीख, दोन्ही बैल व धुरकरी मिळून एक नोंद धरणे इष्ट.

7 मे 2014 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ते 16 डिसेंबर 2021 ची अंतरिम परवानगी, हा बंदीचा काळ तक्त्यात कोराच ठेवावा. तेथे शून्य मांडणे चूक. बैलाची धावण्याची वर्षे मोजकीच असतात. या अवधीत जोड्यांची एक पिढी नोंदीवाचून सरली, आणि तिच्या आधीच्या जोड्या हाकलेले धुरकरी आता वृद्ध झाले आहेत.