नोव्हेंबरमधील दोन स्मरणे

पहिले महायुद्ध थांबल्याला एक वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी, म्हणजे ११ नोव्हेंबर १९१९ रोजी सकाळी अकरा वाजता, ब्रिटनमधील रस्ते दोन मिनिटे थांबले. हे अलंकारिक विधान नव्हे. राजे पंचम जॉर्ज यांनी प्रजेला जे आवाहन केले होते, त्यात कामकाजाबरोबर सर्व वाहतूकही थांबवावी असे स्पष्ट म्हटले होते. त्याप्रमाणे बसगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, घोडागाड्यांचे लगाम खेचले गेले आणि पादचाऱ्यांनी टोप्या काढून माना खाली घातल्या. ही प्रथा दुसऱ्या महायुद्धात खंडित झाली. पुढे ती नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी सरकली आणि १९९५ नंतर अकरा तारखेलाही पुन्हा रुजली. आज ती जपणाऱ्यांत तेथील शाळांचा वाटा मोठा आहे. जुन्या शाळांच्या दालनांत महायुद्धात कामी आलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या नावांचे फलक आहेत. छातीवर लाल पॉपी लावलेली मुले त्या फलकासमोर उभी राहतात, कोणी एक विद्यार्थी नावे वाचतो आणि मग दोन मिनिटे कोणी बोलत नाही.

त्याच महिन्यात त्याच शाळांत दुसरा एक उपक्रम होतो, तो रस्तासुरक्षा सप्ताहाचा. मुले चमकदार पिवळी जाकिटे घालून पायी शाळेत येतात. काही ठिकाणी ती पोलिसांबरोबर रस्त्याच्या कडेला उभी राहतात आणि वेगमर्यादा मोडणाऱ्या चालकाला दंड किंवा मुलांच्या प्रश्नांची उत्तरे यांपैकी एकाची निवड करावी लागते. ‘आमच्या शाळेजवळून तुम्ही इतक्या वेगाने का गेलात?’ या प्रश्नापेक्षा दंड परवडला असे वाटणारे चालक थोडेथोडके नसावेत. नोव्हेंबरचा तिसरा रविवार हा रस्त्यांवरील बळींचा स्मरणदिन. ‘रोडपीस’ या ब्रिटिश संस्थेने १९९३ मध्ये तो सुरू केला आणि २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यास मान्यता दिली.

एका पंधरवड्यात शाळेने रणांगणावरील मृतांना वंदन करावे आणि लगेच झेब्रा क्रॉसिंगचे धडे गिरवावेत, हे अनेकांना विजोड वाटेल. कुठे सोमचे रणक्षेत्र आणि कुठे शाळेसमोरचा चौक! सप्ताहासाठी नोव्हेंबर सोयीचा ठरतो तो व्यावहारिक कारणाने. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळे तासभर मागे जातात, लंडनमध्ये सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि शाळेत थोडे अधिक रेंगाळलेले मूल अंधारातच घराकडे निघते. तरीही हे दोन उपक्रम केवळ कालगणनेने शेजारी आले असे म्हणता येत नाही. रस्तासुरक्षेची चळवळच मुळी युद्धाच्या अंधारात जन्मली.

पहिल्या महायुद्धात झेपेलिन विमानांच्या भीतीने लंडनचे दिवे मंद करण्यात आले आणि रस्त्यांवरील अपघात झपाट्याने वाढले. त्यावर विचार करण्यासाठी डिसेंबर १९१६ मध्ये भरलेल्या सभेतून ‘सेफ्टी फर्स्ट’ कौन्सिल स्थापन झाले. आजची ब्रिटनमधील प्रमुख अपघात-प्रतिबंधक संस्था त्याचीच वंशज होय. दुसऱ्या महायुद्धात हीच कथा अधिक भीषण रूपात घडली. सप्टेंबर १९३९ मध्ये संपूर्ण अंधाराचा, ब्लॅकआउटचा, अंमल सुरू झाला. शत्रूचे बॉम्ब ब्रिटिश गावांवर अद्याप पडू लागले नव्हते. पण त्या एका महिन्यातील रस्त्यांवरील मृत्यू आदल्या सप्टेंबरच्या दुपटीच्या घरात गेले. शत्रूचे विमान न उडताच माणसे मरत होती. झाडांच्या बुंध्यांना आणि पदपथांच्या कडांना पांढरे पट्टे मारण्यात आले, वस्तीतील रात्रीची वेगमर्यादा ताशी २० मैलांवर आणली गेली. पर्सी शॉ या कारागिराने काही वर्षे आधी शोधलेली, दिव्याच्या झोतात मांजराच्या डोळ्यांसारखी चमकणारी रस्त्यातील बटणे याच काळात सर्वत्र पसरली. तरीही पेट्रोल मापून मिळत असताना, गाड्या कमी झालेल्या असताना, १९४१ साली ब्रिटनमध्ये ९,१६९ माणसे रस्त्यावर मेली. त्या देशात याहून मोठा वार्षिक आकडा पूर्वी झाला नाही आणि नंतरही झालेला नाही.

या संदर्भात एक घटना शाळाशाळांतून सांगण्याजोगी आहे. अरबस्तानातील मोहिमेमुळे जगप्रसिद्ध झालेले टी. ई. लॉरेन्स युद्धातून सुखरूप परतले आणि मे १९३५ मध्ये डॉर्सेटमधील एका ग्रामीण रस्त्यावर मोटारसायकलवरून फेकले गेले. समोर सायकलींवरून चाललेली दोन मुले एकाएकी दृष्टीस पडली, त्यांना वाचविण्यासाठी त्यांनी गाडी वळविली होती. मुले वाचली. लॉरेन्स सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करण्यास बोलावलेल्या वैद्यांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी लष्करातील मोटारसायकलस्वार निरोप्यांच्या डोक्याच्या दुखापतींचा पद्धतशीर अभ्यास केला. तो १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी लष्करी स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. नागरिकांसाठी मात्र ही सक्ती यायला १९७३ साल उजाडावे लागले. सैनिकाच्या डोक्याची किंमत राज्यसंस्थेला बत्तीस वर्षे आधी कळली. हेल्मेटसक्तीविरुद्ध पुण्यात जे मोर्चे निघाले आणि जे विनोद झाले, त्यांच्या मागचा-पुढचा इतिहास हा असा आहे.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो खरा आहे. सैनिक आज्ञेने, पुष्कळदा स्वेच्छेने, मृत्यूसमोर जातो. रस्त्यावर मरणारा भाजी आणायला निघालेला असतो. दोघांना एकाच हारात ओवणे म्हणजे एकाचा त्याग स्वस्त करणे आणि दुसऱ्याच्या मरणाला नसते तेज चढविणे. रस्त्यावरील बळीला हुतात्मा म्हणू नये. त्याच्या मरणातून देशाला काही मिळालेले नसते. त्याच्या मरणात देशाचा हलगर्जीपणा मात्र असतो. ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ असे वाचलेल्याबद्दल म्हणणारा आपला समाज, न वाचलेल्याबाबत सारा दोष त्या वेळेवरच टाकून मोकळा होतो. ‘अपघात’ हा शब्दच दैवाकडे बोट दाखवितो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००१ मध्ये या अर्थाचा इंग्रजी शब्द आपल्या पानांतून हद्दपार करण्याचे ठरविले, ते याचमुळे. ब्रिटनमध्ये १९६६ साली ७,९८५ जण रस्त्यावर मेले. अलीकडच्या वर्षांत, गाड्या कितीतरी पटींनी वाढूनही, ही संख्या सोळाशे-सतराशेच्या आसपास आहे. दैव बदलले नाही. १९६७ मध्ये मद्यपी चालकांची श्वासतपासणी आली, १९८३ मध्ये सीटबेल्ट आला, शाळांजवळच्या रस्त्यांचा वेग कमी करण्यात आला. मुलांनी काढलेल्या भित्तिचित्रांचे श्रेय नाकारायचे नाही, पण ते श्रेय किती, हे प्रौढांनी ओळखलेले बरे. रस्ता प्रौढांनी बांधलेला असतो आणि गाडीही तेच हाकत असतात.

मग या दोन स्मरणांत समान काय? समान आहे ते नाव. शाळेच्या फलकावर मृतांची संख्या नसते, नावे असतात. आणि मुलांवर परिणाम होतो तो आपल्याच आडनावाचा किंवा आपल्याच गल्लीतला कोणी तेथे आढळला म्हणून. या बाबतीत मराठी मुलखाचा अनुभव वेगळा आहे. पहिल्या महायुद्धानंतर देशावर आणि कोकणात अनेक गावांतून दगडी फलक बसविण्यात आले. या गावातून महायुद्धास इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, अशा आशयाचा त्यांवरील मजकूर आहे. नाव एकही नाही. मेसोपोटेमियात कूत येथे वेढ्यात सापडून एप्रिल १९१६ मध्ये शरण गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची पलटणवार संख्या तेवढी लिहिली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने हा भेदभाव २०२१ मध्ये जाहीरपणे मान्य केला आणि क्षमा मागितली. इटलीच्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव ही नावे राहिली. बाकीच्यांचा आकडा झाला.

रस्त्यांवरील मृतांचेही आपल्याकडे नेमके हेच झाले आहे. २०२२ मध्ये भारतात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली. त्यांपैकी सुमारे ५० हजार दुचाकीस्वार आणि त्यांचे सहप्रवासी हेल्मेटविना होते आणि साडेनऊ हजारांहून अधिक बळी अठरा वर्षांखालचे होते. हा आकडा वर्षातून एकदा वृत्तपत्रांत येतो आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. शाळेच्या हजेरीपटावर मात्र त्यांतल्या कोणाचे नाव कमी करताना वर्गशिक्षकाचा हात थबकलेला असतो.

आपल्या शाळांतही हा योग जुळून येतो, पण जानेवारीत. राष्ट्रीय रस्ता सुरक्षा सप्ताह ११ ते १७ जानेवारीचा असे. २०२१ मध्ये त्याचा महिना झाला. सेनादिनही याच काळात येतो, १५ जानेवारीला. १९४९ मध्ये त्या दिवशी जनरल करिअप्पा यांनी सेनेची सूत्रे हाती घेतली. परिपत्रक येते, घोषवाक्य स्पर्धा होते, रांगोळी निघते, छायाचित्रे वर पाठविली जातात आणि अहवाल फाइलीला लागतो. फाटकाबाहेर त्याच सकाळी एका स्कूटरवर तीन मुले आणि उघड्या डोक्याचा बाप येऊन उतरतात. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही; वर्षभरातील ‘दिन’ मोजले तर अध्यापनाला दिवस उरले हेच आश्चर्य. परंतु कार्यक्रमांची भर घालण्यापेक्षा दोनच कामे नीट झाली तर पुरे आहेत. युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी आता कोणालाही पाहता येतात. त्यांत अनेक हिंदी शिपायांच्या बापाचे नाव आणि गाव दिलेले आहे. ज्या गावात तसा नुसता आकड्याचा दगड आहे, तेथील नववीच्या वर्गाला त्या आकड्यामागची नावे शोधून काढता येतील; म्हाताऱ्यांच्या आठवणी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांची मदत घेता येईल. दुसरे काम शाळेपासून अर्ध्या कोसाच्या आतल्या रस्त्याचे. तेथे गेल्या दहा वर्षांत कोण, कोठे आणि कशामुळे गेले, दिवा नव्हता की वळण आंधळे होते की एसटीचा थांबाच चुकीच्या जागी होता, याची वही वर्गाने तयार करावी. मृतांच्या घरच्यांची संमती असेल तेथेच नाव लिहावे. उगाच कोणाचे दुःख फळ्यावर मांडू नये. ही वही मुख्याध्यापकांच्या सहीने सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि ग्रामपंचायतीकडे पाठवावी आणि तिची पोच मागून घ्यावी.