होळीनंतरची भाजी

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात टंचाई वर्षातून दोनदा येते आणि दोन्ही वेळा तिचं रूप वेगळं असतं. आषाढ-श्रावणात घरातली नागली, वरई, भात संपत आलेला असतो, नवं पीक अजून शेतात उभं असतं. पण रानात भाजी मुबलक. शेवळं, टाकळा, कुरडू, लोत, भारंग, करटोली असं काही ना काही बायका रोज टोपलीतून घेऊन येतात. होळीनंतर उलटं होतं. घरात शेतातला नाहीतर रेशनचा तांदूळ असतो, पण त्याच्याबरोबर खायला मिरचीच्या ठेच्याखेरीज फारसं काही नसतं. रेशनमुळे पहिल्या टंचाईची धार बरीच बोथट झाली. दुसरीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही, कारण ती उपासमारीसारखी दिसत नाही. भाताचं पातेलं भरलेलं असतं ना!

या दुसऱ्या टंचाईच्या मागे लागलेली एक छोटी संस्था या भागात काम करते. मोजके कार्यकर्ते, त्यातले बहुतेक इथल्याच पाड्यांवरचे. अंगणवाडीशेजारी किंवा विहिरीच्या खालच्या अंगाला गुंठा-दीड गुंठ्याचा तुकडा मिळवायचा, तिथे बायकांच्या गटाची सामायिक परसबाग उभी करायची आणि त्या बागेतली भाजी पाड्यातच, आधी लहान मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या ताटात जाईल हे पाहायचं, एवढंच तिचं काम. ऐकायला अगदी किरकोळ वाटतं. माघात त्या बागांमधून हिंडताना ते किती किचकट आहे ते कळलं.

कुपोषण म्हटलं की जुन्या वाचकांना 1992 सालचं वावर-वांगणी आठवेल. जव्हार तालुक्यातल्या तिथल्या बालमृत्यूंनी तेव्हा राज्य हादरलं होतं. त्यानंतर योजना पुष्कळ आल्या आणि काहींचा खरोखर उपयोगही झाला. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली आणि 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. ही झाली सगळ्या राज्याची सरासरी, त्यात पुणे-मुंबईही आली. डोंगरातल्या पाड्याचा आकडा कोणत्या बाजूला झुकत असेल ते सांगायला नको.

इथली माती लाल, मुरमाड आणि बऱ्याच ठिकाणी जेमतेम वीतभर. खाली कातळ. पाऊस असा कोसळतो की उतारावरचा उघडा वाफा एका रात्रीत ओहोळात जातो. म्हणून पावसाळ्यात गादीवाफे करावे लागतात, कडेला दगड लावून, पाणी वाहून जाईल असे. दिवाळी झाली की हेच वाफे मोडून खोलगट करायचे, म्हणजे ओतलेलं पाणी आतच राहतं. बाहेरून आलेली तयार पुस्तिका वर्षभरासाठी वाफ्याचा एकच आकार सांगते. गटातल्या बायकांनी ती केव्हाच बाजूला ठेवली आहे.

कुंपण हा निम्मा प्रश्न. बकऱ्या दिवसा, कोंबड्या दिवसभर आणि मोकाट गुरं रात्री. बोराटीचे काटे, निरगुडीच्या फांद्या, फाटक्या साड्या आणि किनाऱ्याकडून आणलेली मासेमारीची जुनी जाळी असं सगळं मिळून कुंपण होतं. कोंबडी मात्र जाळीखालून माती उकरून आत शिरते आणि नुकत्याच उगवलेल्या मेथीचा वाफा घटकाभरात फस्त करते. यावर पाड्याच्या बैठकीत कडाक्याचं भांडण झालेलं मी ऐकलं. कोंबडी म्हणजे अंडं, अडीअडचणीला रोख पैसा. ती बांधून ठेवा असं सांगणं सोपं आहे, पण बांधलेल्या कोंबडीला दाणे घालावे लागतात. शेवटी जाळीच्या बुडाशी हातभर खोल चर खणून त्यात दगड भरायचं ठरलं. कोंबड्या मोकळ्याच राहिल्या.

माघात खरं काम पाण्याचं. वैतरणेचं पाणी याच डोंगरांतून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या कितीतरी पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी डोक्यावरून आणलेला हंडा भाजीवर कोण ओतणार? म्हणून बागेला जातं ते उरलेलं पाणी. अंगणवाडीत भांडी घासायच्या जागेपासून एक उथळ चर काढलेला असतो. त्यात आधी मोठे दगड, मग खडी, मग वाळू. त्याच्या कडेला अळू आणि केळ. ही दोन्ही झाडं असल्या पाण्यावरच पोसतात. तिथून पुढे गेलेलं निवळ पाणी वाफ्यांत. भांड्यांना राख लावली तर बरं, साबणाची पूड जास्त झाली तर पानांच्या कडा करपतात, हे बायकांनी स्वतःच ताडलं.

दुधी-भोपळ्याच्या वेलांसाठी मडकी पुरतात. न भाजल्यासारखं दिसणारं, चकाकी नसलेलं मडकं लागतं, ते पाझरतं. गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, भोवती शेणखत मिसळलेली माती दाबायची, चार बाजूंना चार बिया टोचायच्या, मडकं भरायचं आणि वर करवंटी नाहीतर फरशीचा तुकडा झाकायचा. झाकण विसरलं तर पाणी उन्हाने उडतं आणि डासही होतात. माझ्यासमोर एका आजींनी असं मडकं पुरलं. आधी ते पाण्याने भरून सावलीत ठेवलं, बाहेरून ओल कुठवर आली ते तळव्याने चाचपलं, आणि एक मडकं नाकारलं. ‘हे पाणी सोडत नाही, प्यायला घे,’ असं म्हणून त्यांनी ते सुनेकडे दिलं. तपासणी संपली.

खताबद्दल मात्र मला एक तक्रार नोंदवायची आहे. सुभाष पाळेकरांनी जीवामृत घरोघरी पोचवलं आणि ते कामही करतं. पण 200 लिटरच्या पिंपात शेण-गोमूत्राबरोबर दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन घालावं लागतं. ज्या घरात पोराला चहातही गूळ पुरत नाही तिथे तो पिंपात ओतायचा? प्रशिक्षणाला आलेल्या बायका मान डोलावतात आणि घरी जाऊन गूळ डब्यात ठेवतात. मला तर हे शहाणपणाचंच वाटतं. शेणखत, चुलीची राख, पालापाचोळा आणि किडीसाठी दशपर्णी अर्क एवढ्यावर गुंठाभर बाग नीट चालते.

बियाण्याचं तसंच. देणगीतून येणारी पाकिटं बहुधा संकरित असतात. पहिल्या वर्षी फळ भरघोस, पण त्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी वेल कसाही निघतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्याची बँक उभी केली, त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून या विषयाला जरा प्रतिष्ठा आली आहे. इथे पाड्यावर वाल, घोसाळं, काकडी, माठ यांचं बी राखेत घोळवून मडक्यात ठेवतात. वेलावरचं पहिलं चांगलं फळ बियाण्यासाठी राखायचं, त्याला चिंधी बांधायची. चिंधी बांधलेलं फळ कुणी तोडत नाही.

तोडणीचा दिवस ठरलेला असतो. त्या सकाळी लाल माठ, मुळा, पालक, वालाच्या शेंगा आणि शेवग्याचा पाला असा ढीग अंगणवाडीच्या ओट्यावर पडला होता. शेवगा छातीइतक्या उंचीवर छाटत राहायचा, म्हणजे पाला हाताशी येतो. दारात शेवगा नको, ही समजूत इथेही आहे; म्हणून तो कुंपणाला लावतात. ढीग ताणकाट्यावर तोलला गेला. बाळांना झोळीत घालून टांगतात तसलाच काटा. पहिला वाटा अंगणवाडीच्या थाळीला. गरोदर आणि स्तनदा मातांसाठी 2015 पासून अमृत आहार योजनेत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. त्यातली भाजी जव्हारच्या बाजारातून आणायची तर थाळीच्या ठरलेल्या रकमेत बटाट्यापुढे हात पोचत नाही. दुसरा वाटा ज्या घरात मूल अशक्त आहे त्यांना. ते कसं ठरतं? दंडाच्या घेराची रंगीत पट्टी असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर तांबडा रंग, म्हणजे तीव्र कुपोषण, तिथून 12.5 पर्यंत पिवळा. तिसरा वाटा राबणाऱ्या बायकांचा.

तांबड्या रंगाच्या मुलाला नुसता पाला पुरत नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्याला डॉक्टर हवा, वेगळा आहार हवा. संस्थेची ताई ते स्पष्ट सांगते आणि अशा मुलांना आरोग्य केंद्रात पाठवते. परसबाग पिवळ्याला तांबडा होऊ न देण्याच्या कामाची. त्यासाठीसुद्धा भाजी शिजते कशी हे पाहावं लागतं. पुष्कळ घरांत ती पाण्यात, मीठ-मिरची घालून उकडतात, कारण तेल महाग. पालेभाजीतलं अ जीवनसत्त्व अंगी लागायला मात्र थोडी तरी चरबी लागते आणि लोह अंगी लागायला लिंबासारखं आंबट. म्हणून ताईचं निम्मं बोलणं चुलीपाशी चालतं. ‘काकी, खुरासणी पेरली होती ना औंदा? मग कूट करून टाका की चमचाभर.’ खुरासणी इथल्या माळावर पिकते, तिच्यात तेल भरपूर, पण ती बरीचशी व्यापाऱ्याकडे जाते.

भाजीही कधीकधी बाजारात जाते. दुधी चांगला आला की कुणीतरी तो जव्हारला नेऊन विकतं आणि मग संस्थेच्या बैठकीत त्यावर चर्चा होते. एका बाईने त्या चर्चेला एका वाक्यात उत्तर दिलं: ‘भाजी विकली नाही तर ती शिजवायला मीठ-तेल कुठून आणू?’ यावर कुणाला काही बोलता आलं नाही. आता वेलभाजी विकायला मोकळीक आहे, पालेभाजी पाड्यातच राहते. कागदावर हा नियम कुठेच नाही, पण पाळला जातो.

सगळ्यात मोठी अडचण मात्र बागेबाहेरची आहे. दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्ट्यांवर जातो, भिवंडी-वसईकडे, आणि मुलंही बरोबर जातात. बागेत वाल लगडलेला असतो तेव्हा ज्याच्यासाठी तो लावला ते मूल भट्टीवरच्या झोपडीत भात-मिठावर असतं. परसबाग स्थलांतर थांबवू शकत नाही आणि तसा दावा कुणी करूही नये. मागे राहिलेले म्हातारे आणि गरोदर बायका बाग जगवतात. होळीला माणसं परत येतात तेव्हा मेथी-पालक फुलोऱ्यावर जाऊन संपलेले असतात. पण माठ, चवळी, चराकडेचा अळू आणि शेवगा एवढं शिल्लक असतं. संस्थेने या चारांवरच आता जोर दिला आहे आणि माझ्या मते तिचा हा निर्णय सगळ्यात शहाणा आहे. फुलकोबीचे फोटो छान येतात, पण चैत्रात उपयोगी पडतो तो अळू.

फोटोंवरून आठवलं. असल्या कामाला पैसे देणाऱ्यांना ‘लाभार्थी’ मोजून हवे असतात आणि बागेत नावाचा बोर्ड हवा असतो. एका बोर्डाच्या पैशात पाडाभर बियाणं येईल. शिवाय कंपन्यांच्या देणग्या मंजूर होऊन हातात पडेपर्यंत पावसाळा अर्धा सरतो. ऑगस्टमध्ये आलेली दुधी-दोडक्याची पाकिटं पुढल्या वर्षापर्यंत उंदरांच्या कामी येतात. पेरणी रोहिणी-मृगात असते. ती कुणाच्या आर्थिक वर्षासाठी थांबत नाही.

तेव्हा तुमच्या माहितीतल्या एखाद्या अशा संस्थेला मदत करायची असेल, तर ती मे महिन्यात पोचेल अशी करा. कुंपणाची जाळी, एक 200 लिटरचं पिंप, डझनभर पाझरणारी मडकी आणि घरात गावठी वाल-घोसाळ्याचं बी असेल तर ते. बोर्ड नको.