बिस्किट म्हणजे द्विपक्व

रसायनांच्या ड्रमवर ‘अनहायड्रस’ असा एक शब्द छापलेला असतो. रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागायची स्वप्नं बघणारं बीएस्सीचं पोर त्याचा अर्थ ‘निर्जल’ असा पाठ करतं आणि पुढे जातं. त्याने थोडं थांबून शब्द उकलायला हवा. ‘अन्’ म्हणजे नसलेलं. ‘हायडर’ म्हणजे ग्रीकमधलं पाणी, आणि हे पाणी आपल्या उदकाच्या सख्ख्या नात्यातलं. अनहायड्रस म्हणजे अनुदक! त्यातला ‘अन्’ अनंत, अनादी या शब्दांत आपण रोज वापरतो. अनॉनिमसमध्येही तोच आहे: ‘अन्’ अधिक ‘नाम’, म्हणजे अनामिक.

तिथून रेल्वेने पेणला या. इथल्या गणपतीच्या कारखान्यांत शाडूची मूर्ती भाजत नाहीत, सुकवतात. भाजलेली माती म्हणजे टेराकोटा. यातल्या ‘टेरा’चा, म्हणजे जमिनीचा, मूळ अर्थ कोरडी. ज्या धातूपासून लॅटिनला टेरा मिळाली, त्याच धातूपासून संस्कृतला तृषा मिळाली आणि इंग्रजीला थर्स्ट. ‘कोटा’ म्हणजे भाजलेली, आणि ती आपल्या ‘पक्व’ची बहीण. मूळ धातूतल्या सुरुवातीच्या ‘प’चा लॅटिनने पुढच्या ‘क्व’च्या ओढीने ‘क’ करून टाकला, म्हणून ओळख पटत नाही एवढंच. तेव्हा शाडूचा गणपती टेरा खरा, पण कोटा नव्हे. कुक आणि क्विझिन याच घरातले. आणि चहात बुडवतो ते बिस्किट? ‘बिस’ म्हणजे दोनदा, संस्कृतात ‘द्विस्’. उरलेला भाग पुन्हा तोच पक्व. बिस्किट म्हणजे दोनदा भाजलेलं, द्विपक्व. हे पहिल्यांदा कळलं की माणूस काही वेळ पुड्याकडे बघत बसतो.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं इंग्रजी शब्दांच्या याद्या वहीत उतरवून घोकतात. त्यांना वाटतं, फूट, टूथ, थ्री हे सोपे शब्द आपले आणि पेडेस्ट्रियन, पेरिओडाँटल, जेन्युफ्लेक्ट हे परके. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. मराठी माणसाला इंग्रजीतले अवघड शब्दच जास्त जवळचे.

याला कारण आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि इंग्रजीची जर्मानिक शाखा या एकाच कुळातल्या. विल्यम जोन्सने 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे ही शंका बोलून दाखवली होती: या भाषांमधलं साम्य योगायोगाने येण्याजोगं नाही, त्यांचा उगम एकच असावा आणि तो कदाचित आता उरलेलाही नसावा. म्हणजे संस्कृत ही लॅटिनची आई नव्हे, बहीण. पुढे 1822 मध्ये याकोब ग्रिमने जर्मानिक शाखेत झालेली उलथापालथ नियमात बसवून दाखवली. ‘प’चा झाला ‘फ’, ‘त’चा ‘थ’, ‘द’चा ‘ट’, ‘ग’चा ‘क’. हा नियम हातात धरून बघा. पाद: पचा फ, दचा ट, झाला फूट. दंत: दचा ट, तचा थ, झाला टूथ. त्रिचा झाला थ्री.

ही उलथापालथ लॅटिन-ग्रीकमध्ये झालीच नाही. आणि 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचमधून, पुढे विद्वानांच्या हातून थेट लॅटिन-ग्रीकमधून, इंग्रजीत शब्दांचा लोंढा आला. आज इंग्रजी शब्दसंग्रहाचा निम्म्याहून जास्त भाग या वाटेने आलेला आहे. म्हणून घरगुती ‘फूट’मध्ये पाद ओळखू येत नाही, पण पेडल आणि पेडेस्ट्रियनमध्ये तो ‘प’ आणि ‘द’सकट शाबूत आहे. डेंटलमध्ये दंत आहे. पेरिओडाँटल म्हणजे परि अधिक दंत, दातांभोवतीचं. पेरिमीटरला मराठी शाळेत परिमिती म्हणतात. दोन्ही तुकडे नात्यातले. ऑक्टोपस तर उघडउघड अष्टपाद.

जेन्युफ्लेक्ट, म्हणजे गुडघा टेकणे. त्यातलं ‘जेनू’ म्हणजे जानु, आजानुबाहूमधलं. ग्रीकमध्ये याच घराण्यातल्या ‘गोनिआ’चा अर्थ कोपरा असा झाला (गुडघा वाकवला की कोन होतोच), म्हणून ट्रिगोनोमेट्रीतही जानु लपलेला आहे. आणि इंग्रजी ‘नी’? त्या स्पेलिंगच्या सुरुवातीला जो मुका ‘के’ आहे, ज्याने पिढ्यान् पिढ्या मुलांचे मार्क खाल्ले, तो या ‘ग’चाच ‘क’ झालेला अवशेष. ‘नो’, म्हणजे जाणणे, या शब्दाचंही तेच. तिथला मुका ‘के’ म्हणजे ‘ज्ञा’मधला ‘ज’. मजा अशी की हा जोडाक्षराचा खडा कुणालाच नीट गिळता आलेला नाही. मराठी माणूस ज्ञान ‘द्न्यान’ म्हणतो, हिंदीवाला ‘ग्यान’, इंग्रजाने तर पहिला वर्ण बोलायचाच सोडून दिला.

लहानपण रोह्यात गेलेल्या चिंतामणराव देशमुखांची आठवण इथे होतेच. मॅट्रिकला 1912 साली ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. हा संस्कृतात मुरलेला मुलगा केंब्रिजला जाऊन शिकला काय, तर वनस्पतिशास्त्र, आणि त्यातही बक्षीस पटकावलं. पुढे आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, अर्थमंत्री. आणि या सगळ्यात मेघदूताचा मराठी अनुवाद. वनस्पतिशास्त्र म्हणजे लॅटिन नावांचं रान. आपल्या वृंदावनातल्या तुळशीचंच नाव घ्या: ओसिमम टेन्युइफ्लोरम, 1753 साली लिनियसने दिलेलं. त्यातलं ‘टेन्युइ’ म्हणजे नाजूक, आणि ते चक्क आपलं ‘तनु’ आहे. संस्कृत येणाऱ्याला अशा रानात वाटा दिसतात.

देशमुखांच्या जन्माच्या चारच महिने आधी, 11 सप्टेंबर 1895 ला, पेण तालुक्यातल्या गागोद्यात विनोबा जन्मले. कुराण मुळातून वाचण्यासाठी ते अरबी शिकले. अरबीचं कूळ निराळं, तिथे ही किल्ली चालत नाही.

पण सावध राहिलं पाहिजे. किल्ली सापडली की माणसाला सगळीच कुलपं आपली वाटू लागतात. सेंट आणि संत यांचा काही संबंध नाही. सेंट लॅटिन ‘सांक्तुस’वरून आला, संत हा ‘सत्’वरून. डे आणि दिवस हेही परके, दिसायला कितीही जुळे असोत. व्हॅटिकनची वाटिका करणारे उत्साही लोक तर महाराष्ट्रात कमी नाहीत. कान ऐकतो तेवढ्यावर नातं ठरत नाही. पाद-फूटमध्ये जो बदल दिसला, तोच इतर शब्दांत पुन्हा पुन्हा दिसावा लागतो. शिवाय अर्थही भरकटतात: पेडेस्ट्रियन म्हणजे पायी चालणारा, पण पुस्तकाला तसं म्हटलं तर ते रटाळ आहे असा अर्थ होतो.

एवढं सांभाळून यादीतला कुठलाही शब्द फोडून बघावा. फोनच्या ब्राउझरमध्ये ‘इनकॉग्निटो’ असतं ना? ‘इन’ म्हणजे आपला नकाराचा ‘अ’, ‘को’ बाजूला ठेवा, ‘ग्नितो’ म्हणजे ज्ञात. अज्ञात! विराटाच्या घरी पांडव वर्षभर राहिले, ते इनकॉग्निटोच.