गाडीची नाडी – भाग ७ : आधी धूर बघा

डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याच्या गॅरेजांवर सकाळी सकाळी एकच तक्रार ऐकू येते : ‘गाडी चालू व्हत नही भाऊ, थंडी लागनी तिले.’ पारा दहाच्या खाली जातो, धुळ्यात कधी त्याहूनही बराच खाली, हे खरंच आहे. पण डिझेल घट्ट होऊन गाडी अडण्याचा प्रकार लडाखचा. आपल्याकडच्या थंडीत धडधाकट डिझेल इंजिन दोन-तीन सेकंदांत सुरू व्हायलाच हवं. होत नसेल तर बिघाड जुनाच असतो, थंडीने तो चव्हाट्यावर आणलेला असतो.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचा बुडखा तापतो, त्याच तत्त्वावर रुडॉल्फ डिझेल यांनी १८९३ साली पेटंट घेतलं. सिलिंडरमधली हवा सोळा ते वीस पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे इंजिन पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, हवा तापली पाहिजे आणि डिझेल दाबाने पोचलं पाहिजे. यातलं नेमकं काय चुकतंय, ते पार्ट बदलण्याआधी कळू शकतं.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने सायलेन्सरकडे बघायचं. पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास आला तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मं निदान होतं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

पांढऱ्या धुराचा पहिला संशयित म्हणजे थंड इंजिनातली हवा तापवणारा हीटर प्लग. जुन्या महिंद्रा जीपमधलं प्यूजो इंजिन याबाबत फार हट्टी होतं. त्यात डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारलं जाई, तिथेच हवेची उष्णता भिंती खाऊन टाकत, म्हणून हीटर दिल्याशिवाय सकाळ उजाडत नसे. आताच्या इंजिनांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे एखादा प्लग गेला तरी गाडी फक्त कुरकुरते. दोन-तीन गेले की मग अडते. प्लग तपासायला मल्टिमीटर पुरतो : चांगल्या प्लगचा रोध साधारण एका ओहमच्या आसपास, जळालेल्यात प्रवाहच जात नाही. प्लग ठीक असूनही पांढरा धूर येत असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. कापसाच्या शिवारातली धूळ आणि वर्षानुवर्षं न बदललेला एअर फिल्टर मिळून पिस्टनच्या रिंगा खातात.

सेल्फ मरगळलेला वाटला तर बॅटरीकडे वळा. इथेच खानदेशचा खरा गुन्हेगार सापडतो, तो म्हणजे मे महिना. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात बॅटरीचं पाणी उडतं, आतल्या प्लेटा झिजतात. उन्हाळ्यात इंजिन हलकं फिरतं म्हणून ते लक्षात येत नाही. डिसेंबरात ऑइल घट्ट होतं आणि बॅटरी मान टाकते. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी तरी गेली, नाहीतर टर्मिनल गंजले.

धूर अजिबात नसेल तर बहुधा ‘एअर धरलीय’. रात्रभरात बारीक गळतीतून हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल टाकीकडे परततं. फिल्टरची रबरी रिंग आणि पाइपाचे क्लिप आधी बघा. परवाच फिल्टर बदलला असेल तर नक्कीच. फिल्टरच्या तळाची चावी उघडून पाणीही काढा. मोटारपंपासाठी कॅनमध्ये आणलेलं डिझेल गाडीत ओतणाऱ्या शेतकरी बांधवांनी तर हे आवर्जून करावं.

आता उलटा प्रकार. गाडी जळगावहून निघते, पारोळ्याला चहासाठी थांबते आणि भर उन्हात परत सुरूच होत नाही. सकाळी मात्र पहिल्या सेल्फला उठली होती! इथे हीटर प्लगचा काही संबंध नाही. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या पंप-नोझलमधून निसटतं आणि कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब धरत नाही. रेलचा दाब ठरावीक मर्यादेपर्यंत चढत नाही तोवर कॉम्प्युटर नोझल उघडतच नाही. मेकॅनिक प्रत्येक नोझलच्या रिटर्न पाइपाला बाटली लावून बघतो. जी बाटली लवकर भरते, ते नोझल गेलं. स्कॅनर न लावता, बाटल्या न लावता चारही नोझल बदलायला सांगणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

हवेच्या पाइपात ईथरचा स्प्रे मारणं किंवा तोंडाशी पेटता बोळा धरणं मात्र बंद करा. तापलेल्या हीटर प्लगपाशी ईथर भलत्या वेळी भडकतं आणि पिस्टन फुटू शकतो.

आता जुनी गाडी विकत घेण्याबद्दल. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळे आता बाजारात मिळणारी प्रत्येक डिझेल डिझायर जुनीच असते. अशी गाडी बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाला सांगा, उद्या सकाळी येतो, तोवर गाडी सुरू करू नका.