मेंदूतील फुगा बुजवल्यावरही रक्तस्रावाचे भय

अचानक उठलेली, आयुष्यात कधी न अनुभवलेली डोकेदुखी, उलटी आणि ताठरलेली मान ही मेंदूतील धमनीला आलेला फुगा, म्हणजेच एन्युरिझम, फुटल्याची लक्षणे होत. धूम्रपान हे असा फुगा निर्माण होण्याचे व फुटण्याचे सिद्ध कारण आहे. विडीच्या तंबाखूची बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निपाणीत ही गोष्ट घरोघरी ठाऊक असायला हवी.

पूर्वी कवटी उघडून फुग्याच्या मुळाशी क्लिप बसवावी लागे. १९९० मध्ये डॉ. गुइडो गुग्लिएल्मी यांनी विकसित केलेली प्लॅटिनमची कॉइल प्रथम रुग्णावर वापरली गेली. जांघेतील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुगा आतून भरायचा, ही तिची रीत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,१४३ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय अभ्यासात वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण क्लिपच्या गटात ३०.६ टक्के, तर कॉइलच्या गटात २३.७ टक्के आढळले. मात्र पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका कॉइलनंतर किंचित अधिक दिसला.

उपचार चालू असतानाच फुग्याची पातळ भिंत भेदली जाऊ शकते. त्या वेळी हेपारिनचा परिणाम प्रोटामिन देऊन तत्काळ उतरवतात. नळी घातलेल्या जागी गाठ येते. क्वचित रक्त पोटामागे साचून रक्तदाब घसरतो.

खरा पेच स्टेंटचा. रुंद तोंडाच्या फुग्यात कॉइल टिकावी म्हणून कधी स्टेंट बसवतात. त्यात गुठळी होऊ नये यासाठी अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल द्यावे लागते. पण नुकत्याच रक्तस्राव झालेल्या मेंदूला हीच औषधे घातक ठरू शकतात. मेंदूतील पाणी काढण्यासाठी नळी घातली असेल, तर तिच्याभोवतीही रक्तस्राव संभवतो. म्हणूनच फुटलेल्या फुग्यात शक्यतो स्टेंट टाळण्याकडे डॉक्टरांचा कल असतो.

घरी आल्यावर हिरड्यांतून रक्त दिसले की नातेवाईक घाबरून गोळ्या थांबवतात. मग स्टेंटमध्ये गुठळी होऊन पक्षाघात ओढवू शकतो. उलट, डोके दुखते म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात. डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत असते. सीमाभागात मराठी की कन्नड हा वाद जुना. रुग्णाच्या हाती पडणारा कागद मात्र दोन्ही भाषांच्या घरांना सारखाच दुर्बोध! तेव्हा कोणती गोळी किती दिवस घ्यायची, हे निघण्यापूर्वीच विचारून आपल्या भाषेत लिहून घ्यावे.

पुन्हा तीव्र डोकेदुखी, गुंगी, झटके किंवा काळी शौचास झाल्यास वाट पाहू नये. निपाणीहून बेळगाव व कोल्हापूर दोन्ही महामार्गावरच आहेत. निघतानाच फोन करून, मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर नळीवाटे उपचार करणारे डॉक्टर त्या वेळी उपलब्ध आहेत का, एवढे विचारावे.