हसू, हात, हाक आणि १०८

आमच्या मागच्या गल्लीतल्या एका काकांच्या अंगावरून वारं गेलं, त्याला आता वर्ष होईल. कुपवाड एमआयडीसीतून पहिली पाळी करून आले होते. संध्याकाळी सातला चहा पिताना हातातला कप निसटला, तोंड वाकडं झालं. काकूंनी रात्रभर तेल चोळलं. कुणी कबुतराचं रक्त लावा म्हणालं, तर पोरगा सायकलवर ते शोधत फिरला. सकाळी मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, वेळ निघून गेली. मी दोन गल्ल्या पलीकडं राहते, इतकी वर्षं नर्सचं काम केलंय. पण मला कुणी बोलावलं नाही. हे घाईचं दुखणं आहे, हेच त्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

इंग्लंडमध्ये नर्स असलेल्या भाचीला मी हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, इथं टीव्हीवर, पोस्टरवर हेच तर सांगतात."

तिथं फेब्रुवारी २००९ मध्ये सरकारी आरोग्य खात्यानं ही मोहीम सुरू केली. चेहरा, हात, बोलणं आणि वेळ या चार इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं जोडली की 'फास्ट' होतं, म्हणजे झटपट. टीव्हीवरच्या जाहिरातीत माणसाच्या डोक्यात आग पसरताना दाखवली होती. ती बघणाऱ्याला आजाराचं नाव आलं नाही तरी चालतं; काय बघायचं आणि कुठला नंबर फिरवायचा, एवढं कळतं. आपल्या भिंतींवर मात्र 'आरोग्य हीच संपत्ती' असं लिहिलेलं असतं. ते वाचून कुणी काय करावं?

आपल्याला असे संदेश जमत नाहीत, असंही नाही. पोलिओचे 'दोन थेंब' आठवा. कुठल्या रविवारी, कुठल्या बूथवर, किती वर्षांच्या मुलाला, सगळं स्पष्ट. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला, त्यात लस आणि घरोघरी फिरणाऱ्या बाया होत्याच, पण तो साधा निरोपही होता.

लकव्यात बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. काही जणांत मात्र रक्तस्राव झालेला असतो आणि त्यात हेच इंजेक्शन घातक ठरतं. म्हणून आधी सीटी स्कॅन लागतो. जिथं स्कॅन नाही अशा दवाखान्यात सलाईन लावून बसण्यात वेळ जातो.

आम्ही बायकांनी त्याचं मराठी केलं: हसू, हात, हाक. माणसाला हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातं का बघा. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतो का? हाक मारून बोलतं करा, जीभ अडखळते का? तिन्हींपैकी एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन. ही रुग्णवाहिका फुकट असते. किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात. चहा-पाणी, गोळी काही देऊ नका, ठसका लागून छातीत जातं. थोड्या वेळानं आपोआप बरं वाटलं तरी जायचंच.

हे आता विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. परवा वंदनेनंतर त्याच काकू फळ्यापुढं उभ्या होत्या. वाचता येत नाही म्हणून नातीकडून वाचून घेतलं, मग मला म्हणाल्या, "१०८ चं तेवढं लाल खडूनं लिही गं."